इंदापूरच्या मातीत कारखाना उभा करणाऱ्या शेठजींनी भारतात ट्रक बनवायचा हट्ट धरला होता

पावसाळ्यात इंदापूर-बारामतीच्या काळ्या रानात पिकअप घालायची म्हणजे धाडसच. चाक एकदा रुतलं की गाडी जागची हलत नाही. यावर उपाय साधाय. टायरमधली थोडी हवा सोडायची, म्हणजे टायर पसरतो, मातीवरची पकड वाढते आणि गाडी बाहेर येते.

पण मग डांबरी रस्त्याला लागल्यावर हवा कोण भरणार? कमी हवेवर गाडी पळवली तर टायर तापून फुटायची भीती, त्यात माल भरलेला असेल तर विचारूच नका. आणि पंक्चरचं दुकान दहा किलोमीटर लांब.

म्हणून रानावनात फिरणारे लोक आता गाडीतच छोटा एअर कॉम्प्रेसर बसवून घेतात. १२ व्होल्टवर चालणारा, बॅटरीवरून फ्यूज आणि रिले लावून जाड वायरने जोडलेला, पाणी आणि चिखल लागणार नाही अशा उंचीवर बोल्टने घट्ट केलेला. हवा भरताना इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी उतरते. थोडक्यात काय, तर मदत लांब असेल तर आपली हवा आपणच सोबत न्यायची.

हाच हिशोब याच इंदापूर तालुक्यात एका माणसाने कित्येक वर्षांपूर्वी मांडला होता, फक्त हवेच्या नाही तर अख्ख्या गाडीच्या बाबतीत. ट्रक, जहाज, विमान हे सगळं बाहेरून आणायचं आणि बिघडलं की सुट्या भागांसाठी पुन्हा बाहेरच बघायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

त्यांचं नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातलं, धर्माने दिगंबर जैन. घरात गुजराती आणि बाहेर मराठी. वडिलांचा सावकारी आणि कापसाचा धंदा होता. पोराने शिकावं म्हणून त्यांना मुंबई-पुण्याच्या कॉलेजात घातलं, पण पदवी काही झाली नाही. पेढीवर बसून व्याज मोजण्यातही त्यांचं मन रमेना.

मग गाठ पडली लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकून होते, ठेकेदारीतल्या खाचाखोचा त्यांना ठाऊक होत्या. पैसा वालचंद यांचा आणि अनुभव फाटकांचा अशी भागीदारी जमली. बार्शी लाईट रेल्वेच्या मातीकामापासून सुरुवात झाली आणि पुढे बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावाचं पाणी मुंबईला नेणारी पाइपलाइन अशी मोठमोठी कामं वालचंद यांच्या नावावर जमा झाली.

पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांनी मित्रांसोबत थेट जहाजच विकत घेतलं. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं 'लॉयल्टी'. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही सुरुवात. इंग्रजी कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणलं, पण कंपनी टिकली. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात तो यामुळेच.

आता इंदापूरकडे येऊ.

नीरा डाव्या कालव्यामुळे इंदापूरच्या कळंब भागात पाणी आलं होतं. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला आणि साखर कारखाना काढणं फायद्याचं झालं. वालचंद तसे पक्के व्यापारी, संधी त्यांना लांबूनच दिसायची. कळंबला उसाची शेती आणि साखर कारखाना उभा राहिला.

पण ही जागा आडबाजूची. दौंडहून येणारी छोटी रेल्वे बारामतीपर्यंतच यायची, तिथून पुढे सगळी भिस्त रस्त्यावर. त्यामुळे कारखान्याभोवती कामगारांसाठी अख्खं गावच वसवावं लागलं. तेच आजचं वालचंदनगर.

साखरेत जम बसला तरी शेठजींच्या डोक्यात मोटार होती. सर एम. विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात भारतात मोटार कारखाना काढायची योजना तयार केली होती आणि वालचंद यांनी ती उचलून धरली. ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लर मात्र तयार झाली.

एवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. युद्धात सैन्याला ट्रक तर लागणारच होते, मग कारखाना इथेच काढायला हरकत काय? पण इंग्रज सरकारने या प्रकल्पाला युद्धासाठी गरजेचा उद्योग मानायला नकार दिला. तो दर्जा नाही म्हणजे परदेशातून यंत्रं आणायची वाटच बंद. ट्रक आयात होत राहिले आणि वालचंद यांची फाइल सरकारी टेबलांवर फिरत राहिली.

त्याच दौऱ्यात विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी ओळख झाली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. म्हणजे मोटारीला नाही म्हणणाऱ्या सरकारच्या डोळ्यांदेखत गड्याने आधी विमानाचा कारखाना काढला! तो १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. आज आपण त्याला एचएएल म्हणून ओळखतो. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखानाही सुरू केला. तिथे बांधलेलं 'जलउषा' १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं आणि काही वर्षांत तो कारखानाही सरकारकडेच गेला.

मोटारीसाठी मात्र १९४४ उजाडलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. डॉज आणि फार्गो हे ट्रक तिथलेच. सुरुवातीला भाग अमेरिकेतून यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे, त्यामुळे गाडी पूर्ण देशी झाली असं काही म्हणता येत नाही. हळूहळू एकेक भाग इथे बनवायला सुरुवात झाली. पुढे फियाट आली आणि तिचीच पद्मिनी होऊन मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली.

हे बघायला शेठजी मात्र फार दिवस राहिले नाहीत. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. धंद्यातून ते बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत सोबत होत्या.

कुर्ल्यात आता गाड्या बनत नाहीत. वालचंदनगरला मात्र पुढे इतर साखर कारखान्यांसाठी यंत्रं बनू लागली आणि मग त्याहून अवघड कामं येत गेली. इस्रोच्या रॉकेट मोटरची धातूची कवचं तिथे तयार होतात आणि इंदापूर तालुक्यातल्या उसाच्या रानांमधूनच बाहेर पडतात.