वासुदेव विष्णू मिराशी

महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी (जन्म : १३ मार्च १८९३, मृत्यू : ३ एप्रिल १९८५) हे संस्कृतचे पंडित, पुराभिलेखतज्ज्ञ आणि नाणकशास्त्राचे अभ्यासक होते. सातवाहन, वाकाटक, कलचुरी व शिलाहार या राजवंशांच्या इतिहासाची मांडणी त्यांनी ताम्रपट, शिलालेख आणि नाणी यांच्या आधारे केली. ते वा.वि. मिराशी या नावाने ओळखले जातात.

जीवन

मिराशी यांचा जन्म आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात कुवळे या गावी झाला. संस्कृत विषयात एम.ए. झाल्यावर काही काळ मुंबईत अध्यापन करून ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले व पुढे तेथेच प्राचार्य झाले. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले. नंतर नागपूर विद्यापीठात त्यांनी प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती हा विषय शिकविला. कोकणात जन्मलेल्या या अभ्यासकाची कर्मभूमी अखेरपर्यंत विदर्भच राहिली.

नाणकशास्त्रातील कार्य

जुन्या नाण्याचे मोल सामान्यतः त्याची धातू, दुर्मिळता आणि स्थिती यांवरून ठरते. मिराशी यांच्या लेखनात या मोलाला आणखी दोन कसोट्या आहेत : नाण्यावर राजाचे नाव वाचता येते काय, आणि ते कोठे व कोणत्या नाण्यांसोबत सापडले हे ठाऊक आहे काय.

१९३९ साली तत्कालीन अकोला जिल्ह्यातील (आता वाशीम जिल्हा) मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबे मिसळलेल्या हलक्या मिश्रधातूची होती. सोनाराच्या तराजूत त्यांना फारशी किंमत नव्हती. एका बाजूस हत्ती आणि दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह असे त्यांचे स्वरूप आहे. ठसा मोठा व नाणे लहान असल्यामुळे एका नाण्यावर राजाच्या नावाची काही अक्षरेच उमटत. त्यामुळे एकाच राजाची अनेक नाणी शेजारी ठेवून, एकावरचे अक्षर दुसऱ्यावरील अक्षराशी जुळवीत पूर्ण नाव वाचावे लागते. साठा फुटून सुटी नाणी विकली गेली असती किंवा वितळविली गेली असती, तर हे वाचन शक्य झाले नसते. मिराशी यांनी या साठ्याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यात गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी व यज्ञ सातकर्णी या परिचित राजांबरोबरच कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी नावे त्यांनी वाचली. ही तीन नावे पुराणांतील वंशावळींत आढळत नाहीत.

बस्तरमधील एडेंगा येथे मिळालेल्या नल राजांच्या सुवर्णनाण्यांवरही त्यांनी लेख लिहिला. पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठाव दिलेल्या या एकतर्फी नाण्यांवर बसलेला बैल व चंद्रकोर असून खाली पेटिकाशीर्षक लिपीत वराहराज, भवदत्त व अर्थपती यांची नावे आहेत. सातवाहन असे नाव असलेल्या एका नाण्यावरून या घराण्याचा मूळपुरुष सातवाहन नावाचाच राजा असावा, असे मत त्यांनी मांडले.

वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडली नाहीत, असे त्यांचे मत होते. पुढील काळात विदर्भात मिळालेली काही तांब्याची नाणी वाकाटकांची असल्याचे अन्य अभ्यासकांनी प्रतिपादन केले.

गोंदिया जिल्ह्यातील पद्मपूर

भवभूतीने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून पद्मपुराचा उल्लेख केला आहे. काही विद्वान हे स्थळ ग्वाल्हेरजवळील पद्मावती मानीत. मिराशी यांनी ते आमगावजवळील पद्मपूर (पदमपूर) असल्याचे प्रतिपादन केले. तत्कालीन दुर्ग जिल्ह्यात सापडलेला एक अपूर्ण वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, हा त्यांच्या युक्तिवादातील महत्त्वाचा आधार होता. हे गाव त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते; १९९९ मध्ये झालेल्या विभाजनानंतर ते गोंदिया जिल्ह्यात आले.

ग्रंथसंपदा

भारतीय पुराभिलेखांच्या शासकीय संग्रहमालेतील तीन खंड मिराशी यांनी संपादित केले :
* कलचुरी-चेदी संवताचे लेख (खंड ४, १९५५)
* वाकाटकांचे लेख (खंड ५, १९६३)
* शिलाहारांचे लेख (खंड ६, १९७७)

मराठीतील निवडक ग्रंथ :
* कालिदास
* भवभूति
* वाकाटक नृपति आणि त्यांचा काल
* शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख
* सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख
* संशोधन-मुक्तावलि (लेखसंग्रह, अनेक सर)

सन्मान

ब्रिटिश राजवटीत त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.