श्वास आणि रक्ताचा मेळ उलगडणारे उल्फ फॉन ऑयलर

फुप्फुसांत हवा पोहोचली आणि रक्तही पोहोचले, एवढ्याने माणूस जगत नाही. जेथे हवा पोहोचते, तेथेच रक्त पोहोचावे लागते. सारी हवा डाव्या फुप्फुसात आणि सारे रक्त उजव्या फुप्फुसात गेले, तर दोन्ही भरलेली असूनही ऑक्सिजनचा एक कणही रक्तात उतरणार नाही. कोट्यवधी वायुकोशांमध्ये हा मेळ शरीर कसा राखते, या प्रश्नाचे एक मूलभूत उत्तर १९४६ मध्ये स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी आपले ज्येष्ठ सहकारी योरान लिल्येस्ट्रांड यांच्यासह दिले.

ऑयलर यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९०५ रोजी स्टॉकहोम येथे झाला. घरात विज्ञानाचे वातावरण पिढीजात होते. वडील हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांना १९२९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आई आस्ट्रिड क्लेव्ह या वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्रातील विदुषी होत्या, तर आजोबा पेर टेओडोर क्लेव्ह यांनी होल्मियम आणि थुलियम ही मूलद्रव्ये शोधली होती. उल्फ यांनी मात्र वैद्यकाची वाट धरली आणि १९२२ मध्ये कॅरोलिन्स्का संस्थेत प्रवेश घेतला.

१९३० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे जॉन गॅडम यांच्यासमवेत त्यांनी मेंदू व आतड्यात आढळणारे 'सबस्टन्स पी' हे द्रव्य शोधले. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम पंचविशीचे होते. बेल्जियममधील गेन्ट येथे कॉर्नेल हेमान्स यांच्याकडेही त्यांनी काम केले. रक्तातील ऑक्सिजन घटल्याचे शरीराला कसे कळते, हा हेमान्स यांच्या अभ्यासाचा विषय होता. मायदेशी परतल्यावर १९३५ च्या सुमारास त्यांनी 'प्रोस्टाग्लँडिन' हे नाव वैद्यकाला दिले. १९३९ मध्ये ते कॅरोलिन्स्का संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१९४६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील विलक्षण वर्ष ठरले. त्या वर्षी त्यांनी संकटसमयी हृदयाची गती व रक्तदाब वाढविणाऱ्या मज्जातंतूंचा संदेशवाहक नॉरअॅड्रेनलिन असल्याचे दाखविले. त्याच वर्षी फुप्फुसांविषयीचा तो निबंधही प्रसिद्ध झाला.

प्रयोग वरवर साधा होता. भूल दिलेल्या मांजरांच्या फुप्फुस धमनीतील दाब ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मोजला. श्वासाच्या हवेतील ऑक्सिजन कमी केला की हा दाब वाढे आणि शुद्ध ऑक्सिजन दिला की तो उतरे. श्वास कोंडल्यावर असा दाब वाढतो, याची नोंद १८९४ मध्येच झालेली होती. या दोघांनी त्यामागील प्रयोजन ओळखले. शरीराच्या इतर भागांत ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तेथे अधिक रक्त धावून जाते. फुप्फुसांत नेमके उलटे घडते. ज्या भागात हवा कमी पोहोचते, तेथील लहान धमन्या आकुंचन पावतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. ही व्यवस्था स्थानिक आहे. फुप्फुस शरीराबाहेर काढून त्यात रक्त खेळविले तरी ती दिसते, हे पुढील प्रयोगांतून स्पष्ट झाले.

निरोगी माणूस विश्रांती घेत असताना वायुकोशांत दर मिनिटाला सुमारे ४ लिटर हवा आणि फुप्फुसांत सुमारे ५ लिटर रक्त खेळते. उभ्या माणसात गुरुत्वाकर्षणामुळे फुप्फुसाच्या तळाशी रक्त जास्त, तर शेंड्याला कमी पोहोचते. त्यामुळे निरोगी अवस्थेतही हा मेळ तंतोतंत नसतो. न्यूमोनियाने एखादा भाग भरून गेला किंवा कफाने श्वासनलिका बंद झाली, की तो अधिकच बिघडतो. अशा वेळी हे आकुंचन रक्तातील ऑक्सिजनची घसरण रोखून धरते. छातीच्या काही शस्त्रक्रियांत एकाच फुप्फुसाला हवा दिली जाते. तेव्हा निष्क्रिय फुप्फुसाकडे जाणारे रक्त याच यंत्रणेमुळे घटते आणि रुग्ण सुखरूप राहतो.

परंतु हीच यंत्रणा प्राणावरही बेतू शकते. अतिउंचीवर ऑक्सिजनची टंचाई साऱ्या फुप्फुसालाच भासते. रक्त वळविण्यासाठी हवेशीर भाग उरत नाही, सर्वत्र धमन्या आवळल्या जातात, दाब वाढतो आणि काहींच्या फुप्फुसांत पाणी झिरपू लागते. मैदानी प्रदेशातून लडाखच्या उंचीवर वेगाने पोहोचलेल्या भारतीय जवानांना याचा मोठा फटका बसला. भारतीय लष्करी डॉक्टरांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेली त्याची निरीक्षणे जगभर अभ्यासली गेली. अशा रुग्णाला ऑक्सिजन देणे आणि तातडीने खाली उतरविणे हाच मुख्य उपाय होय. दीर्घकालीन श्वसनविकारांत हाच वाढलेला दाब वर्षानुवर्षे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आणतो.

१९७० मध्ये ऑयलर यांना बर्नार्ड काट्झ व ज्युलियस अॅक्सेलरॉड यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते मज्जातंतूंच्या संदेशवाहकांवरील कार्यासाठी. त्या वेळी ते स्वतः नोबेल प्रतिष्ठानचे अध्यक्ष होते. प्रोस्टाग्लँडिनचे काम त्यांनी सुने बेर्गस्ट्रोम यांच्याकडे सोपविले होते. त्या कामाला १९८२ मध्ये नोबेल मिळाल्याचेही त्यांनी पाहिले. ९ मार्च १९८३ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

फुप्फुसांवरील कार्याला स्वतंत्र पारितोषिक लाभले नाही. तथापि वैद्यकाच्या पुस्तकांत ही यंत्रणा आजही ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांच्याच नावाने ओळखली जाते. ऑक्सिजन घटल्याचे या लहानशा धमन्यांतील पेशींना नेमके कसे उमगते, यावर संशोधकांचा वाद अद्याप मिटलेला नाही.