दोन थेंबांमागची माकडे

पल्स पोलिओच्या रविवारी नांदेड-लातूरच्या बूथवर बाळाच्या तोंडात जे दोन थेंब पडतात, ते मूळचे डॉ. अल्बर्ट साबिन यांचे. त्यांचा जन्म १९०६ चा, आज पोलंडमध्ये असलेल्या बियालिस्टोकचा. १९२१ मध्ये कुटुंब अमेरिकेला गेले. दंतवैद्यक अर्धवट सोडून ते वैद्यकाकडे वळले आणि १९३१ मध्ये डॉक्टर झाले.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पोलिओवर काम करणारे तरुण डॉक्टर विल्यम ब्रेबनर यांना प्रयोगशाळेतले माकड चावले. माकड दिसायला ठणठणीत. ब्रेबनर मात्र अंगात वर वर चढत गेलेल्या लकव्याने तीन आठवड्यांच्या आत दगावले. त्यांच्या शरीरातून साबिन यांनी विषाणू वेगळा काढला आणि १९३४ मध्ये आर्थर राइट यांच्यासोबत त्याला नाव दिले ‘बी विषाणू’. तापात आपल्या ओठावर फोड येतात, त्या हर्पीसचाच हा भाऊबंद. माकडाच्या मज्जातंतूंत तो जन्मभर दडून राहतो, त्याला फारसा त्रास देत नाही. माणसाला वेळेत उपचार मिळाले नाहीत, तर बहुतेकदा जीवच जातो.

पुढे साबिन पोलिओच्या लसीमागे लागले. लस वाढवायची माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर आणि तपासायचीही माकडावरच. त्यासाठी उत्तर भारतातली लाल तोंडाची माकडे विमाने भरभरून परदेशी जात. वाटेत ती एकत्र कोंडलेली असत. एकाचे दुखणे सगळ्यांना. १९५९ पासून सोव्हिएत संघात कोट्यवधी लोकांना ही लस मिळाली आणि १९६० मध्ये मॉरिस हिलमन व बेन स्वीट यांना लसीच्या बियाण्यात माकडाचाच आणखी एक विषाणू सापडला, एसव्ही-४०. ज्यांनी बी विषाणू ओळखला, त्यांच्याच लसीत हा निघावा! माणसांत त्यामुळे कर्करोग वाढल्याचा ठोस पुरावा पुढे मिळाला नाही, पण बियाणे शुद्ध करावे लागले.

१९७८ मध्ये भारताने माकडांची निर्यात बंद केली. अमेरिकेला माकडे घरीच वाढवणे भाग पडले आणि तिथे विषाणूमुक्त कळप उभे राहू लागले. हे काम चिकाटीचे. दडलेला विषाणू एका रक्ततपासणीत सापडेलच असे नाही. म्हणून पिल्ले लहानपणीच वेगळी काढायची, छोट्या गटांत ठेवायची, रक्त पुन्हा पुन्हा तपासायचे, एकही बाधित निघाले तर बाजूला करायचे. बी विषाणूसोबत एड्सच्या विषाणूचे माकडांतले नातलगही शोधायचे.

साबिन यांनी लसीचे पेटंट घेतले नाही. १९९३ मध्ये ते वॉशिंग्टनमध्ये वारले. भारतात पल्स पोलिओ सुरू झाला, तो त्यानंतर दोन वर्षांनी.