दारूच्या दुकानाला विरोध करणारे जोतीराव आणि उतारवयातले हृदय

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. मूळ आडनाव गोऱ्हे. पुढे कुटुंब पुण्यात आले आणि फुलांच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले. जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. तरुणपणी त्यांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत अंग कमावले. १८४८ मध्ये मुलींची शाळा आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज, हे त्यांचे काम शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांनी दारूविरुद्ध दिलेला लढा मात्र फारसा सांगितला जात नाही.

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा १८८० च्या जुलैत त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहून त्याला विरोध केला. दारू पिणाऱ्याला दोष देऊन ते थांबले नाहीत. वस्तीत दुकान आले की त्याची झळ अख्ख्या घराला बसते, म्हणून हा प्रश्न नगरपालिकेपुढे मांडायचा, ही त्यांची रीत होती.

मे १८८८ मध्ये मुंबईत मोठा सत्कार होऊन त्यांना महात्मा ही पदवी मिळाली. दोनच महिन्यांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या भागाच्या ताब्यात असते, म्हणजे इजा तिथे झाली होती. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. उजवा हात चालेना, तर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी ते गेले. पुस्तक त्यानंतर छापून आले.

झटका कशाने आला, हे आज सांगता येणार नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे यंत्र आले ते १८९६ मध्ये. आज ते यंत्र प्रत्येक सरकारी दवाखान्यात आहे आणि तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. तरीही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत उमेद घालवून निवृत्त झालेली मंडळी आमच्याकडे येतात, रक्तदाब वाढलेला निघतो आणि प्रश्न ठरलेला असतो : डॉक्टर, रात्री एखादा पेग हृदयाला चांगलाच ना?

हा समज जुन्या अभ्यासांतून पसरला. थोडी पिणाऱ्यांपेक्षा अजिबात न पिणाऱ्यांना हृदयविकार जास्त, असे त्यांत दिसले होते. पण न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

साठीनंतर धोका वाढतो. वयाबरोबर शरीरातले पाणी कमी होते, म्हणून तरुणपणी पचत होती तेवढीच दारू आता रक्तात जास्त चढते. रक्तदाब वाढतो. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. मग हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या हृदयाचा स्नायूच कमकुवत होतो; पायांना सूज येते, धाप लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाची, मधुमेहाची औषधे असतील तर साखर एकदम उतरण्याची भीती. झोपेच्या गोळीबरोबर तर दारू जिवावर बेतू शकते.

तेव्हा पीत नसाल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका. पीत असाल तर डॉक्टरांना किती ते खरे सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र मनानेच एकदम बंद करू नये; हातपाय कापणे, भ्रम, झटके येऊ शकतात. दवाखान्यात येऊन, औषधांच्या आधाराने सोडावी. आणि तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करून तडक मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

ज्या दुकानांबद्दल जोतीरावांना नगरपालिकेला पत्र लिहावे लागले, ती बंद करण्यासाठी आज कायद्याने वाट दिली आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर परवान्याचे दुकानही बंद होते. आजोबांचे हृदय सांभाळण्याचे काम कधी कधी घरातल्या सुनेच्या त्या एका मतापासूनही सुरू होते.