वैद्यकशास्त्र सुटले, लहरी गवसल्या

जगदीशचंद्र बोस यांना डॉक्टर व्हायचे होते. १८८० मध्ये ते त्यासाठी लंडनला गेले. पण पुन:पुन्हा उलटणाऱ्या तापाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. हा काळा आजार असावा, असे मानले जाते. शवविच्छेदनाच्या खोलीतील उग्र वासाने प्रकृती आणखी बिघडे. अखेर वैद्यकीय शिक्षण सोडून त्यांनी केंब्रिजला विज्ञान घेतले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक लाभले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. भारतीय म्हणून त्यांना युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ करण्यात आला. बोस यांनी तीन वर्षे चोख शिकवले, पण त्या पगाराला हात लावला नाही. घरावर वडिलांच्या कर्जाचा डोंगर असताना हा निग्रह सोपा नव्हता. शेवटी सरकार नमले. पूर्ण पगार थकबाकीसह मिळाला आणि तो कर्जफेडीत गेला.

१८९४ च्या सुमारास ते विद्युतचुंबकीय लहरींकडे वळले. हर्ट्झ यांच्या लहरी लांब होत्या. बोस यांनी अवघ्या ५ मिलिमीटरच्या लहरी निर्माण केल्या. आजच्या भाषेत ही वारंवारता ६० गिगाहर्ट्झ. लहर आखूड, त्यामुळे उपकरणेही टेबलावर मावणारी. या लहरींच्या अभ्यासासाठी त्यांनी पिळलेला तागही वापरला! १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी याचे प्रात्यक्षिक दाखवले.

लहरीच्या लांबीचा हा फरक आज मोबाइलच्या कामी येतो. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते. ती दूर जाते, भिंतीही पार करते; पण तिथे उपलब्ध पट्टा अरुंद, म्हणून माहिती कमी मावते. २६ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेअकरा मिलिमीटरची. तिच्या रुंद पट्ट्यावरून भरपूर माहिती धावते, मात्र भिंत, झाडाची पाने, माणसाचे शरीरसुद्धा तिला अडवते. म्हणून मोबाइलचे जाळे वेगवेगळे पट्टे एकत्र वापरते. क्ष-किरणांप्रमाणे अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा मात्र यांपैकी कोणत्याच लहरीत नसते.

पुढे बोस वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासात रमले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात संशोधन संस्था उभारली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर ८५ वर्षांनी, २०२२ मध्ये, भारतात ५-जीसाठी लहरींचा लिलाव झाला. त्यात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता.