विल्हेल्म क्यूने

विल्हेल्म फ्रीडरिश क्यूने (जन्म : २८ मार्च १८३७, हॅम्बुर्ग, मृत्यू : १० जून १९००, हायडेलबर्ग) हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. स्वादुपिंडाच्या रसात प्रथिने पचविणाऱ्या द्रव्याला ट्रिप्सिन हे नाव त्यांनी दिले. एन्झाइम (विकर) ही संज्ञाही त्यांचीच आहे.

शिक्षण व अध्यापन

क्यूने यांचे शिक्षण ग्योटिंगेन विद्यापीठात झाले. १८५६ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी बर्लिन, पॅरिस व व्हिएन्ना येथे अध्ययन केले. पॅरिसमध्ये त्यांना स्वादुपिंडरसाचे पचनातील कार्य दाखवून देणारे क्लोद बेर्नार यांचे मार्गदर्शन लाभले. १८६३ च्या अखेरीस ते बर्लिनला रूडोल्फ फिर्शो यांच्या संस्थेतील रसायन विभागाचे प्रमुख झाले. १८६८ मध्ये त्यांची ॲम्स्टरडॅम येथे प्राध्यापकपदी नेमणूक झाली. १८७१ मध्ये ते हायडेलबर्ग विद्यापीठात हेल्महोल्ट्झ यांच्या जागी आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

संशोधन

स्नायूंतील मायोसिन हे प्रथिन त्यांनी १८६४ मध्ये वर्णिले. डोळ्याच्या दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी रंगद्रव्यावरील त्यांचे कार्यही महत्त्वाचे मानले जाते. १८७६ मध्ये त्यांनी ट्रिप्सिनचे वर्णन केले. यीस्टसारख्या सजीव किण्वकांपासून पेशीबाहेरही कार्य करणारी अशी द्रव्ये वेगळी ओळखता यावीत, म्हणून त्यांनी एन्झाइम हा शब्द योजला.

ट्रिप्सिन व स्वादुपिंडदाह

प्रथिने पचविणारे द्रव्य स्वतः प्रथिनांनीच घडलेल्या स्वादुपिंडाला का पचवीत नाही, हा प्रश्न या शोधातून पुढे आला. त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. स्वादुपिंडात ट्रिप्सिनोजेन हे निष्क्रिय रूप तयार होते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावर त्याचे ट्रिप्सिन बनते. हे रूपांतर ग्रंथीतच अकाली घडल्यास ग्रंथीचे आत्मपचन होऊन दाह उद्भवू शकतो. स्वादुपिंडाचे असे आत्मपचन हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये, क्यूने हयात असतानाच, मांडले होते.

क्यूने यांच्या निधनानंतर या ग्रंथीतील संरक्षक प्रथिनेही सापडली. मोझेस कुनिट्झ व जॉन नॉर्थ्रप यांनी १९३६ मध्ये गाईबैलांच्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिनरोधक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. १९४८ मध्ये लुई कझाल व सहकाऱ्यांनी आणखी एका रोधकाचे वर्णन केले. मानवात त्याला स्पिंक-१ म्हणतात. ते अकाली सक्रिय झालेल्या ट्रिप्सिनला जखडून ठेवते. मात्र त्याची क्षमता मर्यादित असते. त्याच्या जनुकातील काही उत्परिवर्तनांचा दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाशी संबंध २००० मध्ये दाखविण्यात आला.