राजर्षी शाहू आणि तुटलेली लिंक

शाहू महाराज म्हटलं की सगळ्यांना आधी आरक्षण आठवतं. मला मात्र ग्राफ थिअरी आठवते. हसू नका, सांगते!

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि १८९४ मध्ये गादीवर बसले. विसावं वर्ष, म्हणजे आपलंच वय. तेव्हा संस्थानच्या प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागा एकट्या ब्राह्मण समाजाकडे होत्या. असं का?

कागदावर नेटवर्क काढून बघा. खेडं, शाळा, कॉलेज, नोकरी हे नोड आणि त्यांना जोडणारी वाट म्हणजे लिंक. पुढचं शिक्षण कोल्हापुरात. ज्याचं शहरात कुणी नात्याचं, त्याची सोय झाली. पण खेड्यातल्या कुणब्याच्या, महाराच्या पोरानं राहायचं कुठे, जेवायचं कुठे? शाळा उघडी आहे, पण तिथवर पाथच नाही.

महाराजांनी ही तुटलेली लिंक बरोबर हेरली. सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, तर त्याचा फायदा आधीच पुढे असलेल्यांना झाला. मग १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. १९०२ मध्ये त्यांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवली.

आता कुणी म्हणेल, जातवार वसतिगृहं म्हणजे वेगळे क्लस्टरच की! मुद्दा खरा आहे. पण कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं वसतिगृह उभारलं. त्याला नाव दिलं शाहू महाराजांचं. एका नोडमधून नवा हब तयार झाला तो असा.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. वय अवघं ४७.

ॲडमिशन मिळाली म्हणजे माणूस नेटवर्कला जोडला गेला, असं नसतं. जुन्या नोट्स, सीनिअर्सचा सल्ला, कॅम्पसच्या तयारीतल्या युक्त्या हे सगळं ओळखीच्या लिंकवरूनच फिरतं. आपल्या मेसमध्ये कोण कुणासोबत जेवतं, याचा ग्राफ एकदा काढा. ज्या नोडपर्यंत एकही रेघ पोचत नाही, त्याच्या रूमचं दार तेवढं ठोठवा.